फ्लाइंग स्कॉट्समनचा खरा रंग कोणता? (जतन केलेली वाफेची इंजिनं आणि रंगांचे वाद)

रूळबदल

ओओ गेजचं (१:७६) फ्लाइंग स्कॉट्समन या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं एक जुनं मॉडेल हाती लागलंय. रंग पार उडालेला, धुराडं मोडकं, पण मोटर आणि चाकं ठणठणीत. सगळं खरवडून नव्याने रंगवायचं ठरवलं, फोटो गोळा करायला बसलो आणि तिथेच घोळ सुरू झाला.

एका फोटोत सफरचंदी हिरवं इंजिन, नंबर ४४७२, धुराड्याच्या बाजूला काही नाही. दुसऱ्यात तोच रंग, तोच नंबर, पण धुराड्याच्या दोन्ही अंगांना उभे पत्रे. तिसऱ्यात पत्रे आहेत, पण रंग गडद हिरवा आणि नंबर ६०१०३. आणखी एकात तर चक्क काळं. मला दुसऱ्या फोटोतलं रूप सगळ्यात देखणं वाटलं. मॉडेलवाल्या मित्राला पाठवलं तर म्हणतो, "हे इंजिन असं कधीच नव्हतं." अहो, रुळावर धावतंय, मागे डबे आहेत, पुलावरून पोरं हात हलवताहेत! कधीच नव्हतं म्हणजे काय?

जाणकारांनी उजेड पाडावा.

लीड्सकर

फोटोही खरा आणि मित्रही खरा. तुमचा फोटो २००० नंतरच्या काही वर्षांतला असणार. हे इंजिन चाकरीत असताना मात्र सफरचंदी रंग आणि ते पत्रे यांची गाठ कधीच पडली नव्हती.

सविस्तर सांगतो, कारण या एका इंजिनात जतनाच्या रंगांचे बहुतेक सगळे वाद आहेत. फेब्रुवारी १९२३ मध्ये ते डॉन्कास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा नंबर होता १४७२ आणि नाव काहीच नव्हतं. १९२४ साली वेम्ब्लीच्या प्रदर्शनात मांडायचं म्हणून नाव मिळालं, नंबरही ४४७२ झाला. रंग एलएनईआर कंपनीचा सफरचंदी हिरवा. महायुद्धात, १९४३ साली, काळा फासला. १९४६ च्या नंबरबदलात आधी ५०२, मग १०३. १९४७ च्या सुरुवातीला मोठा बॉयलर बसून ए१ वर्गाचं ए३ वर्गाचं झालं आणि रंग पुन्हा सफरचंदी. १९४८ ला रेल्वे सरकारी झाली, नंबर ६०१०३. काही काळ निळा रंगही लागला होता, तो फोटो तुम्हाला मिळाला नाही वाटतं. १९५२ पासून गडद ब्रन्सविक हिरवा. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला दुहेरी धुराडं बसलं, १९६१ ला पत्रे, जानेवारी १९६३ ला निवृत्ती.

आता पत्रे का आले ते बघा. दुहेरी धुराड्यामुळे सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेला अडथळा कमी झाला, इंजिन मोकळं पळायला लागलं. पण धूर पूर्वीसारखा जोरात वर उडेना. तो बॉयलरला चिकटून मागे यायचा आणि ड्रायव्हरला सिग्नल दिसेनात. म्हणून जर्मन पद्धतीचे पत्रे लावून वाऱ्याचा झोत वर वळवला. म्हणजे पत्र्यांचं कारण धुराडं. आणि हे दोन्ही आले तोवर सफरचंदी रंग जाऊन बारा-तेरा वर्षं लोटली होती.

निवृत्तीनंतर ॲलन पेग्लर यांनी ते ३,००० पौंडांना घेतलं. त्यांनी पत्रे काढले, एकेरी धुराडं बसवलं, सफरचंदी रंग दिला आणि ४४७२ नंबर परत आणला. जगाने बघितलेला फ्लाइंग स्कॉट्समन तो हा. अमेरिकावारी याच रूपात झाली. तरी बॉयलर ए३ चाच होता, त्यामुळे १९२४ चं म्हणावं तर तेही नाही. पुढे १९९३ ला दुहेरी धुराडं, पत्रे आणि गडद हिरवा असा संच परत आला. तो आपापसात जुळणारा होता. मग मालक बदलले, रंग पुन्हा सफरचंदी झाला, धुराडं दुहेरीच राहिलं आणि काही काळाने पत्रेही चढले. तुमचा लाडका फोटो तिथला.

सातारी_तडका

लीड्सकर, माहिती झकास. पण मला एक कळत नाही. लोकांना हिरवंगार इंजिन बघायचं असतं. ज्याने तिकीट काढलं, ज्याने कोळसा घातला, त्याला आवडेल तो रंग द्यावा. पत्र्यांशिवाय ड्रायव्हरला दिसत नसेल तर पत्रे लावणं हा शहाणपणाच ना? की १९२४ च्या हट्टापायी सिग्नल चुकवायचा?

(अवांतर: साहेबाच्या इंजिनाला कोणता हिरवा लावावा यावर आपण रात्री दीड वाजता भांडतोय.)

लीड्सकर

पत्र्यांना कोणाचा विरोध आहे? दुहेरी धुराडं ठेवायचं तर पत्रे हवेतच. मग रंगही त्या काळाचा द्या, एवढंच म्हणणं आहे. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने शेवटी तेच केलं. २००४ ला त्यांनी इंजिन २३ लाख पौंडांना घेतलं, दुरुस्तीत दहा वर्षं आणि बेचाळीस लाख पौंड गेले. २०१६ ला बाहेर आलं ते ६०१०३, गडद हिरवं, दुहेरी धुराडं, पत्रे. सफरचंदी रंगाची आस लावून बसलेले लोक नाराज झाले, पण तुम्ही आज इंजिनाचा कोणताही भाग बोट ठेवून दाखवा, तो १९६१ ते ६३ मध्ये तिथे शोभला असता.

मधे २०११ ला ते युद्धकाळातल्या काळ्या रंगात मांडलं होतं. एका बाजूला ५०२, दुसऱ्या बाजूला १०३! हे मात्र मला मनापासून आवडलं. खोटं आहे, पण मिश्कील आणि उघड खोटं आहे. कोणी फसत नाही.

बंब

मी भुसावळला लोको शेडमध्ये होतो, वाफेची शेवटची वर्षं पाहिली. तुमची चर्चा वाचताना गंमत वाटली. तुम्ही कारखान्यातून निघालेल्या रंगाला खरा म्हणताय. आमच्याकडे कारखान्यातून इंजिन यायचं काळं कुळकुळीत, आणि महिन्याभरात त्याचं रूप पालटायचं.

आपल्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचंच घ्या. गोळीसारखं गोल नाक आणि त्यावर तारा. पहिली सोळा बाल्डविनने १९४७ ला अमेरिकेतून पाठवली, पुढे सगळी मिळून ७५५ झाली. एकाच वर्गाची, एकाच नकाशावरची. पण शेडमध्ये दोन सारखी सापडायची नाहीत. ठरलेले ड्रायव्हर-फायरमन असले की ते इंजिन त्यांचं. ताऱ्याला पितळी कड, नाकाभोवती रंगीत पट्टे, कुठे कमळ, कुठे मोर, कॅबवर देवाचं नाव. पदरचे पैसे घालून करायचे. साहेब लोक काणाडोळा करायचे, कारण ज्या इंजिनाला रोज तेलाच्या बोळ्याने पुसतात त्याची बारीकशी गळतीसुद्धा लगेच दिसते.

आता सांगा, तसलं एखादं डब्ल्यूपी जतन करायचं तर रंग कोणता? कागदावरचा, की फायरमनने लावलेला?

सातारी_तडका

बंबकाका, दंडवत. हाच माझा मुद्दा होता, फक्त मला मांडता आला नाही.

लीड्सकर

नाही हो, हा तुमचा मुद्दा नव्हता 🙂 काकांच्या फायरमनने लावलेला मोर त्या काळातला आहे, त्या इंजिनाचा आहे. त्याचा फोटो असेल तर तो मोर काढणं हीच चूक ठरेल. २०२४ साली एखाद्या कंत्राटदाराने सुचला म्हणून काढलेला मोर वेगळा.

बंब

कंत्राटदाराचं नाव काढलंत म्हणून सांगतो. एका स्थानकाबाहेर चौथऱ्यावर एक इंजिन उभं आहे, स्थानकाचं नाव घेत नाही. समारंभ आला की त्याला नवा रंग लागतो. जुना खरवडत नाहीत, त्यावरच थर. आता कारखान्याच्या पितळी पाटीवरची अक्षरं बुजली आहेत, बोट फिरवूनही वाचता येत नाहीत. शिट्टी लाल. स्मोकबॉक्स (बॉयलरच्या पुढचा, धुराड्याखालचा भाग) चांदीसारखा चकाकतो. साइड रॉड (चाकांना जोडणारे दांडे) लाल-पांढरे, लग्नातल्या मांडवाच्या खांबासारखे.

स्मोकबॉक्स काळा का असायचा? तो तापतो. साधं इनॅमल तिथे टिकतच नाही, फोड येऊन पापुद्रे पडतात. म्हणून ग्रॅफाइट आणि जवसाचं तेल घोटून लावायचे. आणि रॉड उघडं लोखंड, कारण तडा गेला तर फिटरच्या नजरेला पडला पाहिजे. रॉड पाळीला आला की पुसून, भिंग घेऊन बघायचे. त्यावर रंग थापला असता तर फोरमनने हजेरी घेतली असती. नव्या पोरांना वाटतं रंग शोभेला असतो. आमच्यात रंग कुठे लावायचा नाही हे आधी शिकवायचे.

मिरजवाली

बंबकाकांचा शेवटचा परिच्छेद छापून सगळ्या विभागीय कार्यालयांत लावायला हवा.

मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, इंजिनांचं क्वचित. पण काका, चौथऱ्यावरच्या इंजिनाची एक बाजू मांडते. ते चार महिने पावसात उभं असतं आणि कोणी रोज तेलाचा बोळा फिरवत नाही. उघडा रॉड तिथे एका पावसाळ्यात गंजेल. मेण किंवा पारदर्शक लेप चालतो, पण तो वेळच्या वेळी द्यावा लागतो. ते जमणार नसेल तर मी पोलादासारख्या राखाडी रंगाला हरकत घेणार नाही. लाल-पांढऱ्याला घेईन.

पितळी पाटी मात्र वाचवता येते. रंग विरघळवणारा लेप लावून थर मऊ करायचे आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचे. तारेचा ब्रश नको, अक्षरांच्या कडा जातात. आणि कृपा करून कोणीही हौशी मंडळींनी पॉलिश पेपरने कोरडं घासू नका. जुन्या थरांत शिसं असतं, प्रायमरमध्ये असतं आणि जुन्या पिवळ्या रंगात तर हमखास. ती धूळ फुफ्फुसात जाते.

दुसरं, त्या थरांवर थरांचा मला रागही येतो आणि आनंदही होतो. कारण जुना रंग खाली शाबूत असतो! मूळ रंग शोधायला आम्ही तेच बघतो. नंबरपाटीच्या मागे, टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या) पेटीच्या आत, पट्ट्यांच्या खाली, जिथे खरवडणाऱ्याचा हात पोचत नाही तिथला खपलीएवढा तुकडा काढायचा, राळेत बसवून कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजायचे. सगळ्यात खालचा थर लागलीच मूळ समजू नये. तो प्रायमर असतो, मग भराव, मग अस्तर, मग रंग, वर वार्निश. लाल प्रायमर बघून "इंजिन मुळात लाल होतं" असा शोध लावलेले लोक भेटतात.

रूळबदल

बाप रे. मी ब्रश आणायला निघालो होतो, इथे सूक्ष्मदर्शक निघाला.

एक शंका. जुने कृष्णधवल फोटो बघून रंगाची छटा नाही तरी फिकट-गडद एवढं तरी कळतं ना?

अनुस्वार

नाही! आणि इथे भलेभले फसले आहेत.

जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना लाल रंग दिसतच नसे. निळा मात्र खूप दिसे. त्यामुळे फोटोत लाल काळा येतो आणि निळा फिकट पांढुरका. मिडलंड रेल्वेचं गडद किरमिजी इंजिन अशा फोटोत कोळशासारखं काळं दिसतं. बफरचा लाल तुळवटही तसाच. सगळे रंग बऱ्यापैकी प्रमाणात टिपणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, पण जुनी सवय पुढे बरीच वर्षं सुटली नाही. म्हणजे फोटो १९२० चा आहे एवढ्यावरून काचेचा प्रकार कळत नाही. आकाश बघा. ढग गायब आणि आकाश पांढरंफटक असेल तर लाल-काळ्याबद्दल काहीच ठरवू नका.

त्याहून बेरकी प्रकार कारखान्यातल्या अधिकृत फोटोंचा. नवं इंजिन फोटोत उठून दिसावं म्हणून त्याला फोटोपुरता करडा, बिनचकाकीचा रंग द्यायचे. कधी कधी फक्त कॅमेऱ्याकडची बाजू. फोटो झाला की खरा रंग. तो फोटो पुस्तकांत सगळ्यात देखणा, सगळ्यात स्वच्छ, म्हणून सगळे तोच बघून रंगवतात.

रंगीत फिल्मवरही आंधळा विश्वास नको. कोडाक्रोम अंधारात नीट ठेवलेली असेल तर चांगली टिकते, बाकीच्या बऱ्याच फिल्म कलतात. आणि त्यात ऊन, वार्निशचा पिवळेपणा, काजळी. एकाच दिवशी एकाच इंजिनाचे दोन फोटो दोन हिरवे दाखवतात.

मिरजवाली

+१. वार्निशचं विशेष. जवसाच्या तेलाचं वार्निश जुनं झालं की पिवळसर तपकिरी होतं, त्यामुळे खालचा निळा हिरवट दिसायला लागतो. तुकड्याची छटा जुळवताना वार्निश बाजूला करून, दिवसाच्या उजेडात बघायची आणि मग क्रमांकाने नोंदवायची. ब्रिटनमध्ये बीएस ३८१सी ची तक्ता-पुस्तिका असते, आपल्याकडे आयएस ५. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असं नाही, दुकानात साडीचा ब्लाउज जुळवलेल्या कुणालाही विचारा.

लीड्सकर

छटेवरून आठवलं. यॉर्कला "ग्लॅडस्टन" नावाचं १८८२ चं एक इंजिन आहे, लंडन-ब्रायटन कंपनीचं. स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटीने ते १९२७ ला विकत घेऊन जपलं. हौशी मंडळींनी स्वतःच्या पैशाने मुख्य मार्गावरचं इंजिन वाचवण्याची सुरुवात तिथे झाली. त्याचा रंग झकास हळदी-सोनेरी आहे आणि कंपनीच्या कागदात त्याचं नाव "सुधारित इंजिन हिरवा"! ज्यांनी तो रंग आणला ते विल्यम स्ट्राउडली रंगांध होते अशी एक दंतकथा आहे. नुसत्या कागदपत्रांवर विसंबून कोणी ते रंगवलं असतं तर आज ते पोपटासारखं दिसलं असतं.

आणि "सिटी ऑफ ट्रूरो". १९०४ साली ताशी शंभर मैल गाठल्याचा दावा ज्याच्या नावावर आहे ते. बांधलं १९०३ ला, नंबर ३४४०. पुढे नंबर ३७१७ झाला, सुपरहीटर आला, बरेच बदल झाले. १९५७ ला पुन्हा धावतं केलं तेव्हा १९०३ चा नक्षीदार पोशाख आणि ३४४० नंबर चढवला, आतला माल नंतरचा तसाच. २०१० च्या सुमारास त्याला साधा हिरवा आणि ३७१७ दिला, तेव्हा पहिल्यांदा रंग आणि लोखंड एकमेकांना ओळखायला लागले. प्रेक्षकांना अर्थात नक्षीवालंच आवडतं. सातारीशेठ, तुम्हाला गुण द्यावेच लागतात.

सातारी_तडका

द्या, द्या. आता मी एक टाकतो, मघापासून शोधत होतो. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी ब्रिटिशांनी "कॉरोनेशन" हे इंजिन अमेरिकेला पाठवलं. प्रत्यक्षात गेलं होतं ६२२९ "डचेस ऑफ हॅमिल्टन". दोघांची नावं-नंबर अदलाबदल केले होते. खरं कॉरोनेशन निळं, ते ब्रिटनमध्येच राहिलं आणि डचेसचं नाव लावून फिरलं. म्हणजे कंपनीच स्वतः वेशांतर करत होती. आता त्या वर्षाचा अचूक पोशाख द्यायचा तर पाटीवर खोटं नाव लावायचं का?

लीड्सकर

शाब्बास, हा खरा पेच आहे. डचेस ऑफ हॅमिल्टन आज यॉर्कलाच आहे. तिचं १९४७ ला काढलेलं, वारा कापणारं बाहेरचं कवच २००९ मध्ये नव्याने बनवून बसवलं, किरमिजी रंग, सोनेरी पट्टे, आणि नाव तिचं स्वतःचंच ठेवलं. मला ते पटतं. रंग १९३८ चा, नाव १९३८ चं, जुळलं.

अनुस्वार

आपल्याकडचं याच धर्तीचं उदाहरण "फेअरी क्वीन". १८५५ ला लीड्सच्या किटसन, थॉम्पसन आणि ह्यूइटसनने बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबरचं. १९९७ ला दिल्ली-अलवर धावलं आणि १९९८ ला गिनेसमध्ये नोंद झाली. सगळीकडे त्याच्याबरोबर १८५५ हे साल येतं. पण फेअरी क्वीन हे नाव मिळालं १८९५ मध्ये. म्हणजे ती पाटी लावलीत की तुम्ही १८९५ ते १९०९, म्हणजे निवृत्तीपर्यंतचं इंजिन दाखवताय, १८५५ चं नव्हे.

बंब

माथेरानच्या इंजिनांचं कोणी काढलं नाही. ओरेनस्टाइन-कोपेलची चार, ७३८ ते ७४१. वळणावर धुरे (चाकांचे आस) सरकावेत म्हणून क्लीन-लिंडनर धुरे होते त्यांना. ७४१ दिल्लीच्या संग्रहालयात आहे. माझं म्हणणं इतकंच, त्या गाडीच्या धावत्या काळाचे रंगीत फोटो आज लोकांच्या घरच्या अल्बमात पडून आहेत. माथेरानला हनिमूनला गेलेल्या प्रत्येक जोडप्याने इंजिनाशेजारी उभं राहून फोटो काढलाय. ते गोळा करा, मागे तारीख लिहिलेली असेल तर सोन्याहून पिवळं.

मिरजवाली

काका, ही कल्पना फार चांगली आहे. फोटो स्कॅन करताना कडेचा पांढरा भाग आणि मागची बाजूही घ्यायची. कागदाचा पांढरा किती पिवळा पडलाय त्यावरून रंग किती कलला असेल याचा थोडा अंदाज येतो. यासाठी वेगळा धागा काढा, मी मदत करते.

रूळबदल

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. माझ्या मॉडेलचं ठरलं. धुराडं मोडलंच आहे तर दुहेरी बसवतो, पत्रे पितळी पत्र्यातून कापतो, ६०१०३, गडद हिरवा, १९६२. स्मोकबॉक्स काळा, बिनचकाकीचा. रॉडला ब्रश लावणार नाही, बंबकाकांची शपथ.

शेवटचं एकच. टेंडरवर बीआरचं, म्हणजे सरकारी ब्रिटिश रेल्वेचं, सिंहाचं बोधचिन्ह लागतं. माझ्याकडच्या चिकटचित्रांत दोन प्रकार आहेत, एकात सिंह डावीकडे बघतो, एकात उजवीकडे. दोन्ही बाजूंना सिंहाचं तोंड पुढे, धुराड्याकडे, असं लावू ना?

लीड्सकर

थांबा! बीआरने १९५६ ला हे चिन्ह आणलं तेव्हा तुमच्यासारखाच विचार केला आणि उजव्या बाजूसाठी उजवीकडे बघणारा सिंह छापला. पण राजचिन्हांचा कारभार बघणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्सने मंजुरी दिली होती ती डावीकडे बघणाऱ्या सिंहाला. त्यांनी आक्षेप घेतला, आणि पुढे जसजशी इंजिनं रंगाला येत गेली तसतसे दोन्ही बाजूंना डावीकडे बघणारेच सिंह लागले. म्हणजे १९६२ साठी टेंडरच्या उजव्या बाजूला सिंह मागे, डब्यांकडे बघणारा. दिसायला चुकीचं दिसेल, लोक तुम्हाला सांगायलाही येतील. चिकटवण्याआधी १९६२ चा, उजव्या बाजूने काढलेला एक फोटो मात्र नक्की शोधा.

सातारी_तडका

आणि फोटो उलटा छापलेला नाही ना, तेही बघा. कॅबवरचा नंबर वाचून.